सुनेचा रिपोर्ट आणि माझं पहिलं बाळ

पत्र

डॉक्टर, मी कसबा बावड्याची. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत आहे, सून शाळेत शिकवते. तिला पहिल्यांदाच दिवस राहिलेत. गेल्या आठवड्यात, बारा आठवडे पाच दिवसांची असताना सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, बाळाच्या मेंदूच्या मागची एक पोकळी नीट दिसत नाही, पाठीच्या कण्यात फट असू शकते, सोळाव्या आठवड्यात परत या. डबल मार्कर नॉर्मल आलीय. मुलाने मोबाईलवर कसले कसले फोटो बघितले आणि तेव्हापासून म्हणतोय, थांबायचं नाही, आत्ताच पिशवी साफ करून घेऊ. सून दिवसभर गप्प असते आणि रात्री रडते. माझी जाऊ म्हणते, ग्रहणात भाजी चिरत होती ना, मग दुसरं काय होणार. शेजारच्या म्हणतात, सारखी सोनोग्राफी केली की बाळाला त्रास होतो आणि सरकारी चौकशी मागं लागते.

आणखी एक आहे, ते कुणाला सांगितलेलं नाही. १९९२ साली मला पहिली मुलगी झाली. तिच्या कमरेवर लिंबाएवढा फुगा होता, त्यातून पाणी यायचं. पाचव्या दिवशी गेली. घरात सगळा दोष माझ्यावर आला. नंतर हा मुलगा झाला, मग मुलगी, दोघं धडधाकट. मुलगी इचलकरंजीला दिलीय, लग्नाला वर्ष झालं. माझ्याच रक्तातून हे नातवंडापर्यंत आलं का? सुनेला सांगू की गप्प बसू?

– एक सासू

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते या आठवड्यात करायचं काम आहे. गप्प बसू नका. सुनेला सांगा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांनाही सांगा. "घरात कुणाला असं काही झालं होतं का?" हे डॉक्टरांनी नक्की विचारलं असणार आणि सुनेने "नाही" म्हटलं असणार. तिला ठाऊकच नव्हतं, ती तरी काय सांगणार? बाळाच्या सख्ख्या आत्याच्या पाठीवर पाणी गळणारा फुगा होता, ही माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी मोलाची आहे. त्याने पुढची सोनोग्राफी अधिक बारकाईने होते आणि संशय किती गंभीर घ्यायचा तेही ठरतं.

तुमच्या रक्तातून आलं का? वर्णनावरून तुमच्या मुलीला उघडा स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा न मिटता मज्जारज्जू उघडा राहण्याचा दोष, असावा. तो एकाच कारणाने होत नाही. थोडा वाटा अनेक जनुकांचा असतो, तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. थोडा वाटा फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. आईचा आधीपासूनचा मधुमेह, खूप जास्त वजन, फिट्सवरची व्हॅलप्रोएटसारखी काही औषधं, यांनीही धोका वाढतो. एक बाळ असं झालं की त्याच आईबापांच्या पुढच्या बाळात धोका साधारण २ ते ५ टक्के धरतात. म्हणजे बहुतेक वेळा पुढचं बाळ नीट होतं, तुमची दोन्ही झाली तशी. नातवंडापर्यंत येताना हा धोका आणखी खाली येतो. इतरांपेक्षा थोडा जास्त उरतो खरा, पण तो तुम्ही कुणाला दिलेला नाही.

१९९२ चं सांगते. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. आधी असं बाळ झालेल्या बायकांनी दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. लंडनमध्ये छापून आलेली ही गोष्ट त्या वेळी बावड्यातल्या पहिलटकरणीपर्यंत कोण आणणार होतं? तेव्हा तुम्हाला दोष देणाऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं. आज जाऊबाईंनाही कळत नाही, पण आज निदान त्यांना गप्प करता येतं.

ते कसं करायचं ते बघा. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीवर एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर वळतात, एकमेकींना मिळतात आणि नळी बनते. याच नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. करंजीची कड दाबताना एखादी जागा राहून गेली की तळताना तिथूनच सारण बाहेर येतं, तसं इथे घडतं. कड जिथे मिटली नाही तिथे मज्जारज्जू उघडा राहतो. हे मिटण्याचं काम गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत उरकतं. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींची तोवर घरातली तपासणीसुद्धा झालेली नसते. मग ग्रहण कधी होतं ते कॅलेंडरवर बघा आणि जाऊबाईंना विचारा, विळी कुठल्या आठवड्यात हातात होती? उत्तर काहीही येवो, विळीने पाठीचा कणा उघडत नाही. ग्रहणात भाजी चिरलेल्या हजारो बायकांची पोरं आज रंकाळ्यावर भेळ खात फिरतायत.

सुनेला फॉलिक ॲसिडची गोळी कधी सुरू झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत होतं तसंच झालं असेल. पाळी चुकली, तपासणी झाली, पेढे वाटले, दवाखान्यात नाव घातलं आणि मग गोळी आली. तोपर्यंत नळी मिटायची तर मिटलेली असते, राहायची तर राहिलेली असते. चौथ्या महिन्यापासून मिळणारी सरकारी लाल गोळी आईच्या रक्तासाठी चांगली, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पण या दोषाच्या बाबतीत ती उशिरा पोचते. आता जास्तीच्या गोळ्या घेऊन फट मिटत नाही. एखाद्या वैद्याने काढा देऊन मिटवतो म्हटलं तर पैसे जपून ठेवा, पुढे लागतील.

आता रिपोर्टकडे येते. तुम्हाला वाटलं असेल, दोष पाठीत आणि डॉक्टर डोक्यात काय शोधतात? बाराव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत सहा-सात सेंटिमीटरचं असतं. मणक्यांची हाडं अजून नीट भरलेली नसतात, त्यामुळे एवढ्या लहान पाठीत फट थेट दिसणं अवघड. पण पाठ उघडी असेल तर मेंदूभोवतालचं पाणी तिथून झिरपत राहतं आणि मेंदूचा मागचा भाग खाली-मागे ओढला जातो. हे ओढलं जाणं डोक्यात दिसतं. मानेमागचं पाणी मोजायला बाळ एका कुशीवरून जसं पडद्यावर धरतात, त्याच चित्रात डोक्याच्या मागे बारीक काळ्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. त्यातली एक म्हणजे मेंदूतली चौथी पोकळी. पाठ उघडी असलेल्या बाळात ती दबते, पट्ट्यांची रांग बिघडते. ही खूण २००९ मध्ये पुढे आली आणि तेव्हापासून बाराव्या आठवड्यातच संशय घेता येऊ लागला. त्याआधी बहुतेक निदान अठरा-वीस आठवड्यांनाच व्हायचं.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी चांगलं, बारकाईचं काम केलंय. पण "पोकळी नीट दिसत नाही" आणि "पोकळी नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिपोर्टमध्ये 'नॉट वेल व्हिज्युअलाइज्ड' असं लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ, त्या दिवशी, त्या वेळी, त्या कोनातून दिसली नाही. बाळ पाठ करून पडलेलं असेल, हनुवटी छातीला लागलेली असेल, आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, तरी असंच लिहावं लागतं. माझ्याकडेही बाळ वळत नाही म्हणून आईला "जरा बाहेर फेरी मारून या, काहीतरी खा" म्हणून पाठवावं लागतं. तेवढ्याने कधी बाळ फिरतं, कधी ढिम्म हलत नाही. 'ऑब्लिटरेटेड' (दबून मिटलेली) किंवा 'ॲब्सेंट' (नाहीच) असा शब्द असेल, किंवा मेंदूचा मागचा भाग सरकल्याचं लिहिलं असेल, तर मात्र संशय पक्का समजा. तरीही तो संशयच. या एका खुणेवर निर्णय होत नाही, आणि म्हणूनच डॉक्टरांनी परत बोलावलंय.

डबल मार्कर नॉर्मल आली म्हणून मुलाला दिलासा देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका. ती रक्ततपासणी डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची शक्यता सांगते, पाठीच्या कण्याबद्दल काहीच सांगत नाही. कुणी हजारो रुपयांची एनआयपीटी ही रक्ततपासणी सुचवली, तर तीही गुणसूत्रांचीच, या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. उपयोगाची रक्ततपासणी एकच, अल्फा-फीटोप्रोटीन. पाठ उघडी असेल तर हे प्रथिन आईच्या रक्तात वाढतं. ती सोळा ते अठरा आठवड्यांत करतात आणि क्वाड्रपल मार्करमध्येही ती असते. पण निकाल शेवटी चांगल्या सोनोग्राफीवरच होतो.

सोळाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीसाठी तुमच्या डॉक्टरांना फिटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञाचं नाव विचारा. पुण्याला जावं लागलं तरी जा, या एका फेरीचा खर्च वाचवण्यासारखा नाही. तिथे डोक्याचा आडवा छेद बघतात. कपाळाची हाडं दोन्ही बाजूंनी आत दबून डोकं लिंबासारखं दिसतं का, लहान मेंदू वाकून केळ्यासारखा झालाय का. या दोन्ही खुणांना डॉक्टर खरोखरच 'लेमन साइन' आणि 'बनाना साइन' म्हणतात, लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये त्या मांडल्या. मग कणा वरपासून खालपर्यंत, उभा, आडवा, सगळ्या बाजूंनी. फट कुठल्या मणक्यापासून सुरू होते, तिच्यावर कातडी आहे का, डोक्यात पाणी साठलंय का, पावलं वळलेली आहेत का, पाय हलतात का. जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या. खोलीत गेल्यावर सगळं विसरतं.

सगळं व्यवस्थित दिसलं तरी अठरा-वीस आठवड्यांची नेहमीची सोनोग्राफी चुकवू नका. तुमच्या घरचा इतिहास बघता ती तर नाहीच.

आणि मुलाला हे वाचून दाखवा. बाबा, तुझी घाई समजते, पण घाई करायला कायद्याने किंवा वैद्यकाने तुला भाग पाडलेलं नाही. आज तुझी बायको चौदाव्या आठवड्याच्या आसपास आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या गर्भपात कायद्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. बाळात गंभीर दोष असेल तर चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने करता येतं, आणि त्याही पुढे मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. आज पिशवी साफ केलीस आणि बाळ चांगलं असेल तर ते कुणालाच कळणार नाही, आणि तेच तुम्हा दोघांच्या डोक्यात आयुष्यभर राहील. दोन-तीन आठवडे थांबून हातात पक्कं काहीतरी येणार असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. दुसरं असं, या कायद्यात संमती लागते ती गर्भवतीची. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, सासूचीही नाही. तेव्हा "आपण ठरवलंय" म्हणायच्या आधी तिला काय वाटतं ते एकदा विचार. मोबाईलवरचे फोटो आधी पुसून टाक. त्यात सगळ्यात वाईट तेवढंच वर येतं.

शेजारणीचं म्हणणं थोडक्यात. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते, त्यात क्ष-किरण नसतात, डॉक्टरांनी सांगितल्यावर परत करण्यात बाळाला धोका नाही. चौकशीची भीती आपल्या जिल्ह्यात का बसली ते मला ठाऊक आहे. मुली कमी झाल्या म्हणून २०१० च्या सुमारास कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे झालेल्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवली गेली, मोठा गाजावाजा झाला. तो सगळा बंदोबस्त लिंग विचारणाऱ्यांसाठी आणि सांगणाऱ्यांसाठी होता. बाळातला दोष बघण्यासाठी सोनोग्राफी करायला कायद्याची पूर्ण मुभा आहे. दर वेळी 'एफ' फॉर्म भरून घेतील, सही करा आणि आत जा. फक्त मुलगा की मुलगी ते कुणी विचारू नका, हळूच खुणेनेसुद्धा.

निदान पक्कं झालं तर काय, हे मला टाळायचं नाही.

स्पायना बिफिडा म्हणजे एकच ठरलेलं भवितव्य नाही. फट जितकी खाली, तितकं बरं. अगदी खालच्या मणक्यात असेल तर मूल बहुधा चालतं, कधी बुटांच्या आणि कॅलिपरच्या आधाराने. वर असेल तर व्हीलचेअर लागते. बऱ्याच मुलांच्या डोक्यात पाणी साठतं आणि ते पोटात उतरवण्यासाठी नळी, म्हणजे शंट, बसवावी लागते. ती पुढे कधी बंद पडते, बदलावी लागते. लोक पायांचं विचारतात, पण घराला रोज पुरून उरतो तो लघवी-शौचाचा प्रश्न. दिवसातून ठरलेल्या वेळी नळी घालून लघवी काढावी लागते, आधी आई करते, मोठं झालं की मूल स्वतः शिकतं. हे नीट केलं तर मूत्रपिंडं वाचतात, दुर्लक्ष केलं तर जातात. बुद्धी बहुतेकांची इतर मुलांसारखीच असते, काहींना गणितासारख्या विषयात अडतं. जन्मल्यावर पाठीचं ऑपरेशन पहिल्या दोन-तीन दिवसांत करतात, म्हणून बाळंतपण अशा ठिकाणी व्हावं जिथे लहान मुलांचे सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे.

पोटात असतानाच ऑपरेशन करतात असं मुलाने वाचलं असेल. खरं आहे. २०११ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, सव्वीस आठवड्यांच्या आत गर्भाशयातच पाठ शिवलेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षाच्या आत शंट लागला, जन्मानंतर शिवलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. अडीच वर्षांचं होईतो आधाराशिवाय चालणाऱ्या मुलांचं प्रमाणही दुप्पट होतं, २१ च्या जागी ४२ टक्के. पण बाळं खूप लवकर जन्मली आणि आईच्या गर्भाशयावरचा व्रण पुढच्या प्रत्येक बाळंतपणात धोक्याचा ठरतो. आपल्याकडे हे मोजक्याच ठिकाणी होतं. लवकर कळल्याने निदान हा विचार करायला तरी वेळ मिळतो, विसाव्या आठवड्यानंतर कळलं की सगळीच धावपळ होते.

म्हणून पक्कं झालं तर ठरवण्याआधी लहान मुलांच्या सर्जनला किंवा न्यूरोसर्जनला नवरा-बायकोने एकत्र भेटावं. अशी मुलं आणि त्यांचे आईबाप जो रोज बघतो, त्याचं ऐकावं. खर्चाची धास्ती असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, आधी चौकशी करा. जन्मजात दोषांसाठी केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या यादीत हा दोष आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं तेही तिथेच विचारा. पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासायला सांगतील, सोबत गुणसूत्रांचा दोष नाही ना हे बघण्यासाठी. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो समजून घेऊन मग हो म्हणा.

हे सगळं ऐकून दोघांनी मूल ठेवायचं ठरवलं तर त्यांच्या पाठीशी राहा. नाही ठरवलं, तरीही तितक्याच ठामपणे राहा. या दोन्हींत पाप कुठलंच नाही, आणि कुठला निर्णय बरोबर हे मी इथे बसून सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. अंबाबाईची ओटी भरायची तर जरूर भरा, फक्त "तिच्यासाठी मी नवस बोललेय" म्हणून सुनेवर एका बाजूचं ओझं टाकू नका.

सुनेशी बोलताना मुलगा आणि जाऊबाई घरात नसताना बोला. "तुझं काही चुकलं नाही" एवढं म्हणून ती ऐकणार नाही, तिने ते चारदा ऐकलं असेल. तुमच्या पहिल्या मुलीबद्दल सांगा. तिचं नाव ठेवलं असेल तर ते सांगा. फुगा कसा दिसत होता, लोक काय बोलले, तेव्हा तुम्हाला कुणी काय म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, ते सांगा. ती रडेल, तुम्हीही रडाल, रडू द्या. आणि पुढच्या सोनोग्राफीला मुलगा येवो न येवो, तिला चालणार असेल तर तुम्ही सोबत जा.

इचलकरंजीच्या लेकीला आजच फोन करा. तिच्या सख्ख्या बहिणीला हा दोष होता, हे तिलाही माहीत नाही. तिला मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या निदान एक, शक्यतो तीन महिने आधी फॉलिक ॲसिड सुरू व्हायला हवं आणि बारा आठवडे पुरे होईपर्यंत चालू राहायला हवं. साधारण बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. घरात असा इतिहास असला की डॉक्टर बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना बहिणीचं सांगून डोस ठरवून घ्यावा. गोळी स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. सुनेलाही पुढच्या खेपेला हाच नियम, आणि पुढची खेप कधी हे ती ठरवेल.

– डॉक्टर